धाकट्या गाडीला किती धावू द्यायचं?

नोव्हेंबर २०२१मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहन प्रदर्शनात पोर्शे कंपनीने '७१८ केमन जीटी४ आरएस' ही गाडी लोकांसमोर आणली. चालकाच्या पाठीमागे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ते कंपनीच्या थोरल्या गाडीतून, म्हणजे '९११ जीटी३'मधून घेतलेलं होतं. ९११मध्ये हे इंजिन ५१० अश्वशक्ती देत होतं. केमनच्या माहितीपत्रकावर आकडा होता ५००.

पाचशेच्या घरात दहा अश्वशक्तींचा फरक चालवणाऱ्याला जाणवणं कठीण. केमनमध्ये इंजिन उलट्या तोंडाने बसतं, त्यामुळे हवा आत घेण्याची आणि धूर बाहेर टाकण्याची वाट बदलते. थोडीफार घट त्यानेही येऊ शकते. पण १९९६पासून पोर्शेने विकलेल्या या धाकट्या गाड्यांची आणि त्या-त्या वर्षीच्या ९११ची माहितीपत्रकं शेजारी ठेवून पाहिली, तर एक गोष्ट डोळ्यात भरते. धाकटीला अधिकाधिक ताकद मिळत गेली, पण त्याच पायरीवरच्या ९११ला तिने कधी ओलांडलं नाही, की बरोबरीही केली नाही. एवढा नेम योगायोगाने साधत नाही.

स्पोर्ट्स कारची स्पर्धा म्हटलं की आपल्याला फेरारी आणि लॅम्बोर्गिनी आठवतात, कॉर्व्हेट आणि पोर्शे आठवतात. कंपन्यांची खरी काळजी मात्र बरेचदा घरातलीच असते. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या शोरूममध्ये गेलं तर विक्री जाते, आणि ते सगळ्यांना दिसतं. गिऱ्हाईक आपल्याच शोरूममध्ये महागड्या गाडीजवळून उठून स्वस्त गाडीपाशी जाऊन बसलं तर विक्री होते, गाड्यांचा आकडाही चांगला दिसतो, नफा मात्र गळतो. आपलाच माल आपल्या मालाला खाऊ लागतो. म्हणून कोणत्या गाडीला किती ताकद, कोणतं सस्पेन्शन, छत पत्र्याचं की कापडी टप, हे ठरवताना अभियंत्याच्या शेजारी हिशेबनीसही बसलेला असतो. त्या दोघांमधल्या ओढाताणीच्या खुणा लोखंडात उमटतात, आणि नीट पाहिलं तर त्या वाचताही येतात.

पोर्शेची अडचण समजायला इंजिन कुठे ठेवायचं या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना तो चटकन कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान ओझं आसाच्या आसपासच रचतो. ९११ ही जन्माने उलाळ गाडी आहे. तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं असतं. १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. भर वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तिची जड शेपटी बाहेर फेकली जाई आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या आत बिडाची वजनं बसवून तोल सावरण्याचा प्रयत्न झाला. मग १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. पुढची सगळी दशकं स्टुटगार्टचे अभियंते या एका जन्मखोडीशी झुंजत आले आहेत. माझ्या मते कोणत्याही कारखान्यातली ही सर्वांत चिवट आणि सर्वांत प्रेमळ झुंज आहे. खोड पुरती गेली नाही, पण तिच्यातून गाडीचा स्वभाव घडला. चालवणाऱ्या चाकांवरच इंजिनचं वजन असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना ९११ची पकड घट्ट असते, आणि इंजिन पार मागे असल्यामुळे मधे दोन लहान मुलं बसतील एवढी जागा उरते.

धाकट्या केमनचं इंजिन दोन्ही आसांच्या मधे असतं. भरलेली कळशी हात लांब करून धरली आणि गिरकी घेतली तर शरीर फिरायलाही वेळ लागतो आणि थांबायलाही. तीच कळशी छातीशी घट्ट धरली तर गिरकी सहज घेता येते. मध्ये इंजिन असलेली गाडी अशी कळशी छातीशी धरून उभी असते. शर्यतीच्या गाड्यांनी हे केव्हाच मान्य केलं. १९६०नंतर फॉर्म्युला वनमधून पुढे इंजिन असलेल्या गाड्या झपाट्याने नाहीशा झाल्या. म्हणजे पोर्शेच्या शोरूममध्ये जी गाडी स्वस्त आहे, तिची मूळ मांडणी महाग गाडीपेक्षा सरस आहे. दोघींना सारखंच दिलं तर काय होईल, ही धास्ती या कंपनीला पन्नास वर्षांहून जास्त काळ आहे.

पहिली खेप १९६९ची. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी मिळून '९१४' काढली. इंजिन मधे, छप्पर काढता येण्याजोगं. साध्या ९१४मध्ये फोक्सवॅगनचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, आणि '९१४/६'मध्ये ९११टीचं सहा सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं. या दुसऱ्या गाडीची किंमत ९११टीच्या इतकी जवळ गेली की लोकांनी थोडे पैसे आणखी घालून ९११च घेतली. एकूण ९१४ सव्वा लाखाच्या थोड्या आत बनल्या. त्यांत सहा सिलिंडरवाल्या साडेतीन हजारही नाहीत. आणखी ताकदवान '९१६' काढायचा बेत होता, तो अकरा गाड्यांवर थांबला. स्वस्त गाडी महाग गाडीच्या किमतीला जाऊन भिडली की दोघींमधली धाकटीच पडते, हा धडा त्या वेळी मिळाला.

दुसरी खेप उलटी होती. सत्तरच्या दशकात कंपनीलाच वाटू लागलं की ९११चं आयुष्य संपत आलं. अर्न्स्ट फुरमान यांच्या कारकिर्दीत १९७७मध्ये '९२८' आली. व्ही-८ इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, गाडी ऐसपैस आणि शांत. १९७८ची युरोपातली सर्वोत्तम गाडी म्हणून तिची निवड झाली. खालच्या अंगाला '९२४' आधीच होती. ९११ला मधे जागाच ठेवली नव्हती. १९८१मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. ते त्यांच्या आठवणीत सांगत, की मुख्य अभियंते हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर इतर गाड्यांच्या रेघा पुढच्या वर्षांत जात होत्या आणि ९११ची रेघ १९८१शी संपत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ कागदाबाहेर, भिंतीवरून पुढे ओढत नेली. ९२८ अठरा वर्षं जगली आणि १९९५मध्ये थांबली. ९११ आजही आहे. त्या दिवसापासून या कंपनीत एक प्रश्न मिटला: घरचा कर्ता कोण. इतर सगळ्यांची जागा त्यावरून ठरू लागली.

नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शेची अवस्था बिकट झाली. वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास गाड्या विकल्या जात होत्या. वेन्डेलीन वीडेकिंग यांनी कारखान्याची घडी नव्याने बसवली आणि १९९६मध्ये 'बॉक्स्टर' आली. दोन माणसं, कापडी टप, मधे अडीच लिटरचं २०४ अश्वशक्तीचं इंजिन. पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या ९११शी तिचा पुढचा अर्धा भाग वाटून घेतलेला होता: दिवे, बॉनेट, दरवाजे. खर्च वाचला, कंपनी वाचली. ९११च्या मालकांना आपल्या गाडीचं तोंड स्वस्त गाडीसारखं दिसतं हे खुपलं, आणि २००१नंतर ९११चे दिवे बदलले. टप कापडी असेपर्यंत दोघींमधलं अंतर आपोआप राखलं जात होतं. उघडी गाडी फिरायला, बंद गाडी धावायला, असं गिऱ्हाईकच मनात धरून चाललं होतं.

२००५मध्ये या मांडणीवर पत्र्याचं छत चढलं आणि 'केमन एस' तयार झाली. छतामुळे सांगाडा कमालीचा ताठ झाला. आता अंतर मुद्दाम राखणं भाग होतं. केमन एसला ३.४ लिटरचं २९५ अश्वशक्तीचं इंजिन मिळालं. तिच्या वर ३२५ची ९११ कॅरेरा, खाली २८०ची बॉक्स्टर एस. तीन आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आकड्यात नव्हती. वळणातून जोरात बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं आणि नुसतंच फिरू लागतं. ताकद वाया जाते. ते रोखण्यासाठी मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल असतं. स्पोर्ट्स कारमध्ये ही चैन नाही. पहिली तीन वर्षं केमनला ते कारखान्यातून, जादा पैसे मोजूनही मिळत नव्हतं. ज्यांना गाडी शर्यतीच्या मैदानावर न्यायची होती ते बाहेरून बसवून घेत. २००९च्या मॉडेलपासून ते मिळू लागलं. आणखी एक भेद पुढेही टिकून राहिला. ९११च्या मागच्या चाकांना अनेक दांड्यांचं महागडं सस्पेन्शन आहे, तर साध्या केमनच्या मागे सोपं, एका खांबाचं. २०१३ची पिढी घ्या: दोघींची इंजिनं ३.४ लिटरची, केमन एसला ३२५ अश्वशक्ती, ९११ला ३५०. आणि २०१५ची पहिली केमन जीटी४ पाहा. तिला कॅरेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन दिलं, पण ४००ऐवजी ३८५ अश्वशक्तीवर बसवून.

एखादी वस्तू चांगली करता येत असताना मुद्दाम थोडी कमी ठेवायची, ही युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. फ्रान्समध्ये रेल्वे नवी होती तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, बसायला नुसत्या फळ्या. ज्यूल द्युप्वी हे अभियंते होते आणि अर्थशास्त्राचाही विचार करत. त्यांनी १८४९मध्ये लिहिलं, की छपराला पैसे पुरत नाहीत म्हणून हे केलेलं नाही. गरिबाला त्रास देणं हाही हेतू नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचे पैसे परवडतात त्याने तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी छप्पर काढलं आहे. संगणकातही हेच झालं. १९९१मध्ये इंटेलने '४८६एसएक्स' ही स्वस्त चिप आणली, तीत गणिती काम करणारा भाग बंद केलेला होता. बंद करायलाही खर्च येतो. म्हणजे कमी प्रतीची वस्तू बनवायला कधी कधी जास्त कष्ट पडतात. द्युप्वी यांचं ते लेखन मला आजही अस्वस्थ करतं, कारण त्यात ज्याच्याकडून काढून घेतलं जातं तो माणूस त्या सगळ्या हिशेबात मोजलेलाच नसतो. केमनचा गिऱ्हाईक गरीब नाही हे खरं, पण युक्ती तीच आहे.

या युक्तीचा सगळ्यात मोठा कारखाना अमेरिकेत डेट्रॉइटला होता. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२१पासून एक शिडी उभी केली: तळाशी शेवरले, वर कॅडिलॅक, आणि मधल्या प्रत्येक पायरीला वेगळी कंपनी, वेगळी किंमत. एका पायरीची वरची किंमत दुसरीच्या खालच्या किमतीला जेमतेम टेकावी, चढू नये. मधे फट दिसली की ती भरायला नवं नाव काढायचं. १९२६ची पाँटिॲक तशीच जन्मली. साध्या गाड्यांपुरती ही शिडी सुंदर चालली. अडचण झाली ती १९५३मध्ये कॉर्व्हेट आल्यावर. सगळ्यात वेगवान दोन आसनी गाडी शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, शेवरलेकडे गेली. त्यानंतर वरच्या पायरीवरच्यांना चांगली स्पोर्ट्स कार काढायची म्हटली की कॉर्व्हेट आडवी येई.

१९६४च्या सुमारास पाँटिॲकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरिअन यांनी 'एक्सपी-८३३' या नावाने हलकी, दोन आसनी, फायबरच्या अंगाची गाडी करवून घेतली. दोन चालत्या गाड्या तयार झाल्या. वरिष्ठांनी नकार दिला. ही कॉर्व्हेटचं गिऱ्हाईक तोडेल. बदल्यात पाँटिॲकला शेवरले कॅमॅरोची बहीण मिळाली, ती फेब्रुवारी १९६७ची फायरबर्ड. तिलाही मोकळं सोडलं नाही. कंपनीचा नियम होता: दर अश्वशक्तीमागे गाडीचं वजन दहा पौंडांपेक्षा कमी असू नये. फायरबर्ड ४००ला मिळालेलं इंजिन जवळपास पाँटिॲक जीटीओचंच होतं, पण फायरबर्ड हलकी. मग कार्ब्युरेटरच्या दांडीवर एक लहानशी पत्र्याची पट्टी बसवली. तिच्यामुळे झडप पूर्ण उघडतच नसे. कागदावर ३२५ अश्वशक्ती लिहिली गेली आणि नियम पाळला गेला. मालकांना पट्टीचा शोध लागायला वेळ लागला नाही. पक्कड घेऊन ती वाकवली की झालं.

हा एवढासा पत्र्याचा तुकडा मला या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. दोन गाड्यांमधला भेद त्यांच्या स्वभावातून आलेला असेल तर तो टिकतो. एखादा भाग रोखून धरून आणलेला असेल तर कुणीतरी पक्कड घेऊन येतोच. शेवरलेमध्येही तेच झालं. कॉर्व्हेटखेरीज कॅमॅरोच्या वर्गातल्या कुठल्याही गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा नियम होता. डॉन येन्को यांच्यासारख्या विक्रेत्यांनी टॅक्सी आणि ट्रकच्या खास मागण्यांसाठी असलेल्या आडवाटेने १९६९मध्ये ४२७ घनइंचांच्या कॅमॅरो कारखान्यातूनच करवून घेतल्या. त्यांतल्या पूर्ण ॲल्युमिनियम इंजिनच्या 'झेडएल१' फक्त ६९ बनल्या, आणि आज संग्राहक त्यांच्यामागे असतात. तीस वर्षांनी पुन्हा तेच चित्र दिसलं. १९९८च्या कॅमॅरोला कॉर्व्हेटचं एलएस१ इंजिन मिळालं. कॉर्व्हेटवर लिहिलं ३४५, कॅमॅरोवर ३०५. लोकांनी दोन्ही गाड्या चाकांवर ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवल्या, तेव्हा फरक कागदावरच्या चाळीसपेक्षा बराच कमी भरला. म्हणजे या वेळी भागही रोखलेला नव्हता, नुसता आकडा रोखला होता.

जनरल मोटर्सच्याच ब्युइकची गोष्ट निराळी, कारण तिथे धोका कुणाच्या ध्यानात यावा असा नव्हता. वयस्क गिऱ्हाइकांची, आरामशीर गाड्यांची ती कंपनी. १९८७मध्ये तिने काळ्या रंगाची, टर्बो लावलेल्या व्ही-६ इंजिनची 'जीएनएक्स' काढली. कागदावर २७६ अश्वशक्ती, गाड्या फक्त ५४७. त्या वर्षीची कॉर्व्हेट २४० अश्वशक्तीची होती, आणि नियतकालिकांच्या चाचण्यांत ब्युइक तिच्या पुढे निघाली. पाठोपाठ ते मॉडेलच बंद झालं.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती फिएरोची. हुल्की अल्डिकाच्ती यांच्या चमूने अतिशय कमी पैशांत पाँटिॲकसाठी मधे इंजिन असलेली दोन आसनी गाडी उभी केली. दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून ती मंजूर झाली नसती, म्हणून कामावर जाण्या-येण्याची, पेट्रोल वाचवणारी गाडी म्हणून ती वरिष्ठांपुढे मांडली गेली. मग सोंग निभावणं आलं. १९८४मध्ये ती आली तेव्हा आत होतं अडीच लिटरचं ९२ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढचं सस्पेन्शन शेव्हेट या स्वस्त गाडीचं, मागचं दुसऱ्या एका घरगुती गाडीचं. दिसायला शर्यतीची, चालायला बाजाराला जाणारी. लोकांनी पहिल्याच वर्षी एक लाखाहून जास्त विकत घेतल्या आणि मग निराश झाले. इंजिनांना आगी लागल्याच्या घटनांनी नावही खराब झालं. पुढच्या वर्षी व्ही-६ मिळालं. १९८८मध्ये अखेर खास तिच्यासाठी केलेलं सस्पेन्शन मिळालं. गाडी पहिल्यांदा तिच्या रूपाला शोभेल अशी चालू लागली, आणि त्याच वर्षी कारखाना बंद करण्यात आला. आगी, घटती विक्री, हिशेब, सगळी कारणं खरी आहेत. पण पहिल्याच वर्षी १९८८चं सस्पेन्शन मिळालं असतं तर, हा प्रश्न त्या गाडीकडे पाहताना मनातून जात नाही.

वेगवेगळ्या मालकांच्या दोन कंपन्यांनी असं ठरवून स्पर्धा आवरली तर कायदा आड येतो. जुलै २०२१मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन समूह आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला, तो डिझेल गाड्यांचा धूर शुद्ध करण्याच्या तंत्रात एकमेकांपेक्षा सरस व्हायचं नाही, असं संगनमत केल्याबद्दल. तोच निर्णय एका मालकाच्या छपराखाली घेतला तर ते नियोजन ठरतं. म्हणून कंपन्या एकत्र झाल्या की काही गाड्या गाजावाजा न होता नाहीशा होतात. १९६०च्या दशकात रोव्हरने मधे व्ही-८ इंजिन असलेली स्पोर्ट्स कार तयार केली होती. १९६८च्या विलीनीकरणात रोव्हर आणि जॅग्वार एका घरात आल्या आणि जॅग्वारला घरातच प्रतिस्पर्धी नको म्हणून ती गुंडाळली गेली.

फोर्डने १९८९मध्ये जॅग्वार घेतली, त्याआधी ॲस्टन मार्टिनही त्यांच्याकडे आली होती. जॅग्वारमध्ये ऐंशीच्या दशकापासून एका नव्या स्पोर्ट्स कारवर काम चालू होतं. ती जड होत गेली, लांबत गेली, आणि १९९०मध्ये फोर्डने ती थांबवली. टॉम वॉकिन्शॉ यांच्या कंपनीने तिचा धागा पुढे नेला, इयान कॅलम यांनी रूप दिलं, आणि १९९३च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती 'ॲस्टन मार्टिन डीबी७' म्हणून उभी राहिली. जुन्या जॅग्वारचा सांगाडा, नवं नाव, कितीतरी वरची किंमत. १९९६मध्ये जॅग्वारची एक्सके८ आली तीही त्याच कुळातली. इथे पट्टी वाकवायला कुठेच जागा नव्हती, कारण दोघींना वेगळं करणारी गोष्ट नाव आणि रूप हीच होती.

नावाने अंतर राखण्यात एन्झो फेरारी सर्वांच्या पुढे गेले. १९६८च्या सुमाराला त्यांच्याकडे सहा सिलिंडरची, मधे इंजिन असलेली छोटी गाडी तयार झाली. रस्त्यावरची फेरारी म्हणजे बारा सिलिंडर, अशी तोवर ओळख. या गाडीवर त्यांनी फेरारी हे नावच घातलं नाही. १९५६मध्ये वारलेल्या मुलाच्या नावावरून तिला 'डिनो' म्हटलं. आज तिच्यासारखी देखणी गाडी शोधावी लागेल, तरी तिच्या अंगावर घोड्याचं चिन्ह नव्हतं. मला ही रीत फायरबर्डच्या पट्टीपेक्षा प्रामाणिक वाटते. गाडीतून काहीच काढलेलं नव्हतं.

भागीदारीतल्या गाड्यांमध्ये हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण मालक दोन असतात. बीएमडब्ल्यू आणि टोयोटा यांनी मिळून एकच सांगाडा केला. चाकांच्या आसांमधलं अंतर दोघींचं सारखंच, २,४७० मिलिमीटर, इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि दोन्ही गाड्या ऑस्ट्रियात ग्राझ इथे माग्ना श्टायरच्या एकाच कारखान्यात बनल्या. वाटणी छतावरून झाली. बीएमडब्ल्यूची झेड४ फक्त कापडी टपाची, टोयोटाची सुप्रा फक्त पत्र्याच्या छताची. उघडी सुप्रा निघाली नाही आणि बंद झेड४ही निघाली नाही. ज्याला काय हवं ते त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे शोरूममध्ये दोघींची गाठच पडत नाही. याउलट टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या २०१२च्या जुळ्या गाड्या जवळजवळ एकसारख्या होत्या, फरक मुख्यतः स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जुळणीत. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचंही तसंच, सांगाडा एक, दोन्ही इंजिनं तीच. त्यांत 'जीटी' ही अक्षरं फोक्सवॅगनने स्वतःकडे ठेवली, आणि तरुण गिऱ्हाईक त्या दोन अक्षरांकडे पाहतच शोरूममध्ये शिरतं.

जपानमध्ये तर प्रतिस्पर्ध्यांनीच हात आखडता घेतला होता. १९८८मध्ये तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत मरणाऱ्यांची संख्या दहा हजारांवर गेली. सरकार कायदा करेल या भीतीने १९८९पासून कंपन्यांनी २८० अश्वशक्तींची मर्यादा पाळली. कुठलीही जपानी गाडी स्वदेशात याहून जास्त आकडा छापत नसे. निसान स्कायलाइन जीटी-आर २८०, टोयोटा सुप्रा २८०, मित्सुबिशी, माझदा, सुबारू, सगळ्यांची उडी तिथपर्यंत. तीच सुप्रा अमेरिकेत ३२० अश्वशक्तींची म्हणून विकली जाई. आकड्यावर भांडायची सोय उरली नाही, म्हणून अभियंत्यांनी भांडण दुसरीकडे नेलं: चारही चाकांना ताकद कशी वाटायची, मागची चाकंही वळवायची का, वळणात डाव्या-उजव्या चाकाला किती जोर द्यायचा. नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या आज जगभर जपल्या जातात त्याचं बरंच श्रेय या आडवळणाला आहे. ऑक्टोबर २००४मध्ये होंडाने लेजंड ही गाडी ३०० अश्वशक्तींची म्हणून आणली आणि तो करार संपला. अगदी लहान 'के' गाड्यांसाठीची ६४ अश्वशक्तींची मर्यादा मात्र सुझुकी आल्टो वर्क्सच्या १९८७च्या आकड्यावर ठरली, ती अजून तशीच आहे.

आता विजेची गाडी आली आहे, आणि पोर्शेसमोरचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. मोटर लहान असते, ती कुठेही बसते. बॅटरी सहसा तळाशी फळीसारखी पसरते. उलाळ गाडी आणि मधे भार असलेली गाडी, हा भेदच पुसला जातो. सप्टेंबर २०२१मध्ये कंपनीने म्युनिकला 'मिशन आर' ही विजेवरची प्रायोगिक शर्यत गाडी दाखवली. आकाराने ती केमनच्या जवळची. तिची बॅटरी तळाशी पसरलेली नव्हती. चालकाच्या पाठीमागे, दोन आसांच्या मधे, जिथे केमनचं इंजिन असतं नेमकं तिथेच ती रचून ठेवली होती.